मुलासोबत जुना गार्डन ट्रॅक्टर: कुठला घ्यावा, कुठला सोडून द्यावा

गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी आहे, घरात सात-आठ वर्षांचं मूल आहे आणि मार्केटप्लेसवर दर आठवड्याला एखादा गंजका लाल नाहीतर पिवळा ट्रॅक्टर दिसतोय. अमेरिकेतल्या मराठी आईबापांनी अशा वेळी आधी हॉर्सपॉवर बघू नये आणि मॉडेल किती दुर्मिळ आहे हे तर मुळीच बघू नये. हे यंत्र याच उन्हाळ्यात चालू होईल का, एवढंच बघावं. आठ वर्षांचं मूल गंज खरवडायला दोन रविवार हौसेने बसतं. तिसऱ्या रविवारी त्याला आवाज ऐकायचा असतो. दोन वर्षांनी सुरू होणाऱ्या ट्रॅक्टरशी त्याला काही देणंघेणं नसतं. तोवर ते फुटबॉलच्या टीममध्ये गेलेलं असतं आणि तुम्ही एकटेच पॉलिश पेपर घासत बसलेले असता.

म्हणून ‘तीस वर्षं कोठारात पडून होता, इंजिन जाम आहे, पण सगळं ओरिजिनल’ ही जाहिरात निवृत्त माणसासाठी आहे. तुम्हाला हवा तो कंटाळवाणा ट्रॅक्टर: हजारोंनी खपलेला, सगळे भाग जागेवर असलेला, गेल्या चार-पाच वर्षांत कधीतरी चाललेला.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे काय हेही आधी नीट कळलेलं बरं. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत फिरतो तो छोटा डिझेल ट्रॅक्टर हा नव्हे. हा अमेरिकन उपनगरांसाठी १९५० आणि ६० च्या दशकात तयार झालेला प्रकार: बहुधा एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सात ते सोळा हॉर्सपॉवर, जाड पोलादी चासी, बारा इंची रिमची मागची चाकं, आणि नांगर, बर्फाचं पातं, गवत कापायचा डेक असं काहीही जोडता येईल अशी सोय. दिसायला जवळपास तसाच असणारा लॉन ट्रॅक्टर पत्रा दाबून केलेला असतो आणि त्याची मागची चाकं बहुधा आठ इंची रिमची असतात. तो फक्त गवतापुरता. जुना लॉन ट्रॅक्टर उघडून बघण्यात मजा आहे, पण पुन्हा उभा करण्यात फारशी नाही. पत्रा एकदा कुजला की खाली काही उरत नाही.

आधी इंजिन, मग रंग

या काळातल्या निम्म्याअधिक चांगल्या ट्रॅक्टरांचा जीव एकाच इंजिनात आहे: विस्कॉन्सिनच्या कोहलर कंपनीची के-मालिका. के-१६१ सात हॉर्सपॉवरचं, के-१८१ आठचं, के-२४१ दहाचं, के-३०१ बाराचं, के-३२१ चौदाचं आणि के-३४१ सोळाचं. सिलिंडर आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यामुळे झिजला तरी आतून कातून (बोअर करून) ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच मोठा पिस्टन बसवता येतो. पॅकिंग, रिंग, पॉइंट (ठिणगी पाडणारा उघड-मिट स्विच), कार्ब्युरेटर किट, सगळं आजही नवीन मिळतं. मुलासोबत काम करायला याहून सोयीचं इंजिन नाही, आणि त्याची कारणं फार प्रत्यक्ष आहेत.

पहिलं म्हणजे पॉइंट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, आत लपलेले नाहीत. इंजिनाच्या अंगावर एक छोटं झाकण असतं, एक-दोन स्क्रू काढले की पॉइंट समोर. दुसरं, हे फ्लॅटहेड आहे: दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये उभे, हेड म्हणजे नुसतं ॲल्युमिनियमचं झाकण. हेड काढलं की चारही स्ट्रोक (पेट्रोल-हवा आत, दाब, स्फोट, धूर बाहेर) उघड्या डोळ्यांनी दिसतात. त्यावर पुढे येतोच.

इंजिनावरच्या पाटीवर मॉडेल, स्पेक नंबर आणि सीरिअल नंबर असतो. मॉडेलच्या मागच्या अक्षरांत एस असेल तर सेल्फ-स्टार्ट, टी असेल तर दोरीचा स्टार्ट, ए असेल तर वेगळ्या आकाराचा ऑइल पॅन. भाग मागवताना स्पेक नंबर लागतो, म्हणून बघायला जाल तेव्हाच त्या पाटीचा फोटो काढून घ्या. पाटीच नसेल तर विक्रेत्याचं ‘के-३०१ आहे’ हे म्हणणं तसंच्या तसं धरू नका. या आकारांची इंजिनं एकमेकांच्या जागी बसतात आणि लोक बदलून टाकतात.

के-२४१ पासून वरच्या काही इंजिनांत धक्के कमी करण्यासाठी आत दोन बॅलन्स गिअर असतात. त्यांचं बेअरिंग गेलं तर गिअर सुटून कनेक्टिंग रॉडला (पिस्टन धरणाऱ्या दांड्याला) धडकतो आणि ब्लॉकला भोक पडतं. इंजिन पूर्ण खोलणार असाल तर बहुतेक जण हे गिअर काढूनच टाकतात. थोडं जास्त थरथरतं, पण फुटत नाही. खोलणार नसाल आणि आतून खडखड येत नसेल तर उगाच काळजी नको.

टेकुमसेचं इंजिन असलेला ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो. त्या कंपनीने २००८ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं आणि भाग शोधण्यात वेळ जातो. ओनानची दोन सिलिंडरची इंजिनं अतिशय गोड चालतात आणि भागांच्या किमती ऐकून घाम फुटतो. ब्रिग्जची जुनी ओतीव लोखंडी इंजिनं चांगली, पण पहिल्या ट्रॅक्टरसाठी आमचं मत कोहलरलाच.

लाल, पिवळा की हिरवा

पहिली पसंती लाल व्हील हॉर्सला. इंडियानातल्या साउथ बेंड गावी एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी १९४६ च्या सुमारास हा धंदा उभा केला. कंपनी १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ मध्ये टोरोकडे गेली. या ट्रॅक्टरची रचना इतकी सरळ आहे की मूल ती कागदावर काढू शकतं: पुढे इंजिन, उजव्या बाजूने मागे जाणारा एक पट्टा, आणि मागे ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स, ज्यात गिअर आणि डिफरन्शियल एकत्रच. वेगळी क्लच प्लेट नाही. पेडल दाबलं की पट्टा सैल होतो, आणखी दाबलं की ब्रेक लागतो. साठच्या दशकातलं ८५४ घ्या, नाहीतर सत्तरीतल्या सी-मालिकेतले सी-८१, सी-१२०, सी-१६०. सी-मालिकेत तीन पुढचे गिअर, एक रिव्हर्स आणि प्रत्येकाला हाय-लो असा ‘आठ स्पीड’चा गिअरबॉक्स मिळाला तर डोळे झाकून घ्यावा, म्हणजे अर्थात तेल बघून. हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी) आवृत्ती पहिल्या वेळी टाळा.

याची दुखरी जागा म्हणजे मागच्या चाकांचे हब. ते अर्धचंद्राकृती चावी आणि एका सेट स्क्रूवर धरलेले असतात. स्क्रू सैल पडला की चावीचा खाचा रुंद होत जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा: चाक फिरतंय आणि अॅक्सल जागेवर थांबलाय असं दिसलं तर किंमत खाली आणा. हब अॅक्सलवर गंजून बसले असतील तर ओढण्यात आठवडा जातो. हातोडा घालू नये. ओतीव लोखंड तडकतं.

दुसरी पसंती इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या पिवळ्या-पांढऱ्या कब कॅडेटला. केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात हे तयार होत. मागची गिअर-डिफरन्शियलची पेटी कंपनीच्याच फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतलेली, म्हणून ती अशा अंगणातल्या कामाला सहसा तुटत नाही. सगळ्यात पहिलं मॉडेल पट्ट्यावर चालायचं. १९६३ च्या ७० आणि १०० पासून इंजिनापासून मागेपर्यंत थेट शाफ्ट आला, मध्ये कोरडी क्लच प्लेट. पट्टाच नाही म्हणजे घसरणं नाही. पण क्लचच्या शाफ्टमधल्या स्प्रिंग पिना झिजतात आणि त्यांची भोकं लांबुळकी होतात. गिअर टाकताना ‘खट्ट’ असा धक्का बसला तर तिथे बघा. ७०, १००, ७१, १०२, ७२, १०४, १०६ हे गिअरवाले अरुंद, हलके, मुलाच्या उंचीला जुळणारे. १९७४ नंतरची ‘क्वाएटलाइन’ मालिका दिसायला भारदस्त, पण त्यात इंजिन रबरी बैठकीवर ठेवलेलं आहे. ते रबर कुजलं की इंजिन नाचतं आणि शाफ्टची कपलिंग खातं. दुरुस्ती होते, पण पहिल्या प्रकल्पाला कशाला.

कब कॅडेटच्या पुढच्या पीटीओ क्लचबाबत (इंजिनाची ताकद डेकसारख्या जोडयंत्रांना देणारा क्लच) एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर संध्याकाळ वाया जाते. पुली धरून ठेवणाऱ्या तीन भोकांत प्रत्येकी एक नव्हे तर दोन सेट स्क्रू असतात, एकाच्या खाली एक. वरचा काढून पुलर (पुली ओढून काढायचं अवजार) लावला की पुली तुटते, कारण खालचा अजून शाफ्टला घट्ट चावलेला असतो.

जॉन डिअरचा ११० हा देखणा गडी. १९६३ मध्ये विस्कॉन्सिनच्या होरिकॉन गावातून निघाला, पहिल्या वर्षी सात आणि पुढे आठ हॉर्सपॉवरचा. १९६७ पर्यंत गोल मडगार्ड, १९६८ पासून चौकोनी. मुलाला हिरवाच हवा असेल तर हट्ट मोडू नका, पण किंमत दोन्ही अर्थांनी मोजावी लागेल. त्या नावाचा भाव जास्त आणि त्यात ‘व्हेरिएटर’ नावाची पसरणारी-मिटणारी पुली दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवलेली. तिचं बुश झिजलं, किंवा बरोबर मापाचा पट्टा न वापरता ‘साधारण तेवढाच’ पट्टा टाकला, की ट्रॅक्टर एकतर रांगतो नाहीतर पळतो. १९६९ ते ७१ दरम्यान पांढऱ्या अंगावर लाल, नारिंगी, निळ्या किंवा पिवळ्या बॉनेट-सीटचे ‘पॅटिओ’ ट्रॅक्टरही कंपनीने काढले होते. तसा एखादा खरा सापडला तर मुलाच्या हातात पाना देण्याआधी दोनदा विचार करा.

बाकीचे थोडक्यात. सिम्प्लिसिटी आणि तिनेच बनवलेले अॅलिस-चाल्मर्सचे बी-मालिकेतले ट्रॅक्टर उत्तम. फक्त मधल्या बेव्हल गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं आणि मागचा मालक ते हमखास विसरलेला असतो. बोलेन्स टिकाऊ, भाग कमी. ग्रेव्हली पूर्ण गिअरवर चालणारं अफाट यंत्र, पण आठ वर्षांच्या मुलाला समजावून सांगण्याजोगं नाही. सिअर्सचे सबर्बन स्वस्त आणि दणकट, भाग मिळाले तर.

बघायला जाताना

खिशात टॉर्च, पांढरा कागद, प्लगचा पाना आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). मुलाला सोबत न्या, पण भाव ठरवताना ‘हाच घेऊया ना बाबा’ असं त्याने विक्रेत्यासमोर म्हणू नये एवढी तयारी आधी करून घ्या.

इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर संशय घ्या. थंड इंजिन सुरू होताना बघायचं असतं. डिपस्टिक काढून तेलाचा थेंब कागदावर टाका: पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची निडल गळतेय, दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. गिअरबॉक्सचं तेलही तसंच बघा. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की पावसाचं पाणी सरळ पेटीत उतरतं, आणि हिवाळ्यात गोठून ओतीव पेटी फुटू शकते.

कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नका. पुष्कळ के-इंजिनांत सुरू करणं सोपं व्हावं म्हणून कमी वेगाला कॉम्प्रेशन सोडून देणारी यंत्रणा असते, त्यामुळे चांगल्या इंजिनाचं मापही कमी येतं. त्यापेक्षा प्लगची वायर काढून फ्लायव्हील उलट्या दिशेने झटका देऊन फिरवा. कॉम्प्रेशनला आदळून ते उसळून परत आलं तर रिंगा आणि व्हॉल्व्ह काम करताहेत. मग फ्लायव्हील किंचित मागे-पुढे हलवून बघा: पिस्टन हलण्याआधी ‘टक’ असा मोकळा खेळ जाणवला तर रॉड झिजलाय. या इंजिनांत तेलाचा पंप नाही. रॉडच्या टोकाला असलेला चमचा तेल उडवतो, तेच वंगण. तेल कमी ठेवून उतारावर गवत कापलेलं इंजिन रॉडवरच जातं.

चालू झालं तर पंधरा मिनिटं चालू द्या. सुरुवातीचा निळा धूर विझला तर ठीक. गरम झाल्यावर वाढत गेला तर रिंगा. स्टिअरिंग फिरवून चाक हलायला किती वेळ लागतो बघा. पाव फेरा मोकळा गेला तर गिअर किंवा जोड झिजलेत, आणि तो खर्च बहुतेक जण धरायला विसरतात.

टायरकडे वेगळं लक्ष. पकड मिळावी म्हणून मागच्या टायरांत कॅल्शियम क्लोराईडचं पाणी भरण्याची पद्धत होती. व्हॉल्व्हच्या बुडाशी पांढरी खपली किंवा खोल गंज दिसला तर रिम आतून खाल्लेला आहे असंच धरा. मागे २३x८.५०-१२ आणि पुढे १६x६.५०-८ ही मापं बऱ्याच ट्रॅक्टरांना चालतात आणि सहज मिळतात. जुन्या कब कॅडेटला पुढे अरुंद ४.८०-८ लागतं.

आणि मोजून घ्या: बॉनेट, लोखंडी जाळी, इंजिनावरचे पत्रे, पट्ट्याचं झाकण, हिच (मागे काही जोडायचा भाग). इंजिनाचा भाग दोन दिवसांत घरी येतो, पण मूळ बॉनेटसाठी वर्ष जातं. ‘तेवढं एक झाकण नाहीये’ असं विक्रेता सहज म्हणतो. ते झाकण नक्की कुठलं हे मात्र विचारा.

ट्रॅक्टर साधारण पाचशे ते सातशे पौंडांचा असतो. ट्रेलर भाड्याने घ्या, चार पट्टे लावा, आणि चढवताना मूल गाडीत बसलेलं असू द्या.

शिसं, आणि हात न लावायच्या गोष्टी

जुन्या रंगात शिसं असू शकतं, हे गृहीतच धरायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, पण शेतीच्या आणि औद्योगिक यंत्रांच्या दुरुस्तीच्या रंगांना त्यातून सूट होती. म्हणजे नंतर कुणी मारलेला रंगही निर्धोक समजता येत नाही. मुलांच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. म्हणून कोरडं घासणं, वायर ब्रशचं ग्राइंडर, सँडब्लास्टिंग यातलं काहीही मूल आसपास असताना नको. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर रंग काढण्याचं काम मोठ्यांनी, ओलं ठेवून, योग्य मास्क लावून करायचं, आणि ते कपडे घरातल्या धुण्यात टाकायचे नाहीत. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ब्रेकची धूळ फुंकरीने किंवा हवेच्या दाबाने उडवायची नाही.

इंजिनाच्या पत्र्याखाली उंदरांचं घरटं निघणार हे जवळजवळ ठरलेलंच. न काढता इंजिन सुरू केलं तर हवा अडते आणि इंजिन तापून बसतं. घरटं मोठ्यांनी काढायचं: आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून. झाडूने झाडलं की विष्ठेची धूळ उडते, आणि हंटा विषाणू त्याच धुळीतून जातो.

मुलाने करायचं काम यातून उरतं, आणि ते बरंच आहे. काढलेला प्रत्येक बोल्ट झिप पिशवीत घालून नाव लिहिणं, फोटो काढणं, ग्रीसचे निपल शोधून साफ करणं आणि गन मारणं, नट-बोल्ट रॉकेलसारख्या साध्या पेट्रोलियम द्रवाऐवजी साबणाच्या गरम पाण्यात धुणं. गंजलेल्या बिनरंगाच्या लोखंडासाठी बादलीतलं इलेक्ट्रोलिसिस मुलाला फार आवडतं: गॅलनभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, गंजका भाग चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही नाही, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. ॲल्युमिनियमचा भाग टाकला तर सोडा तोच खाऊन टाकतो. हायड्रोजन निघतो, म्हणून बादली अंगणात ठेवायची आणि वायर जोडणं-काढणं चार्जर बंद करूनच. नव्या ‘स्मार्ट’ चार्जरने हे होत नाही. त्याला समोर बॅटरी दिसली नाही की तो चालूच होत नाही.

हेड काढण्याचा रविवार

सगळ्यात जास्त शिकवणारं काम हेच, आणि धोका कमी, फक्त जुन्या पॅकिंगबाबत वर सांगितलेलं लक्षात ठेवून. प्लग काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुठ्ठ्यावर हेडचा आकार मुलाला पेन्सिलीने काढायला लावा, बोल्टांच्या जागी भोकं पाडा, आणि जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यात तिथेच खोचायचा. बोल्टांची लांबी सगळीकडे सारखी असेलच असं नाही. घट्ट बसलेला बोल्ट आधी थोडा आवळायचा, मग सोडवायचा. आटे मोडतात ते एका दिशेने जोर लावत राहिल्याने.

हेड उचललं की खाली काळा पिस्टन आणि शेजारी दोन व्हॉल्व्ह. आता मुलाने फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं आणि तुम्ही काही बोलायचं नाही. एक व्हॉल्व्ह वर येतो, पिस्टन खाली जातो. दोन्ही बंद, पिस्टन वर. पुन्हा खाली. मग दुसरा व्हॉल्व्ह. ‘आता स्फोट कुठे होणार?’ हे ते स्वतःहून विचारतं. पॉइंटचं झाकणही काढून ठेवलं असेल तर त्याच क्षणी पॉइंट उघडताना दिसतात, आणि फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत एकदाच. बराच काळ पडून असलेल्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह वरच अडकलेला सापडतो. कॉम्प्रेशन नसण्याचं सगळ्यात स्वस्त कारण हेच. भेदक तेल टाकून लाकडी दांड्याने हलके टोले द्या, फ्लायव्हील फिरवा, पुन्हा टोले.

कार्बन काढायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. हेड जाड काचेवर ठेवून ०.००३ इंचाची फिलर पट्टी खाली सरकते का ते मुलाने बघायचं. सरकली तर काचेवर ओला पॉलिश पेपर चिकटवून हेड आठच्या आकड्यात घासायचं. हेडच्या या खालच्या बाजूला रंग नसतो, त्यामुळे हे काम मुलाचंच. पॅकिंग नवीन. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, तीन टप्प्यांत: के-१६१ आणि १८१ ला १५ ते २० फूट-पौंड, के-२४१ आणि ३०१ ला २५ ते ३०.

आपल्या पिढीचे हात दहा-अकरा, बारा-तेराच्या पान्यांना सरावलेले. इथे सगळं इंचात: ७/१६, १/२, ९/१६, ३/४. मुलाला गोटी पान्यांचा डबा लहान-मोठा लावायला सांगा. ‘९/१६ अर्ध्यापेक्षा मोठा कसा, आणि किती?’ हे वहीत अडतं, डब्यात अडत नाही. पावकी-निमकी पाठ असलेले आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तर त्यांना हा डबा दाखवाच.

स्पार्क, पेट्रोल, आवाज

पॉइंटची फट ०.०२० इंच, पॉइंट पूर्ण उघडे असताना. नवे पॉइंट लावूनही स्पार्क येत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे त्यांवरचा कारखान्यातला तेलकट थर. कोरा कागद दोन्हींच्या मध्ये धरून ओढला की निघतो. टायमिंगसाठी पॉइंटवरची कॉइलची वायर सोडवा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक पॉइंटला, दुसरं ब्लॉकला. फ्लायव्हील चालण्याच्या दिशेने सावकाश फिरवताना इंजिनावरच्या छोट्या खिडकीत ‘एस’ किंवा ‘एसपी’ची खूण मधोमध येते, बीप नेमकी तेव्हाच थांबली पाहिजे. नाही थांबली तर फट किंचित कमी-जास्त करा. कॉइल १२ व्होल्टची, बाहेर रेझिस्टर न लागणारी घ्या. मोटारीची रेझिस्टरवाली कॉइल लावली की गरम होऊन थोड्या वेळाने इंजिन बंद पडतं आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

कार्ब्युरेटर खोलून साफ केल्यावर दोन्ही निडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे टोकदार स्क्रू) हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करून दीड ते दोन फेरे उघडा. पाना वापरून आवळू नका; टोकाला खळगा पडला की निडल पुन्हा कधी नीट लागत नाही. जुनी टाकी पहिल्या दिवशी जोडूच नका, छोट्या स्वच्छ टाकीतून पेट्रोल द्या, शक्यतो इथेनॉल नसलेलं. पेट्रोल ओतणं मोठ्यांचं काम. एसएई ३० तेल भरलेलं, प्लग काढून हाताने चार फेरे फिरवलेले, अग्निशामक हाताशी, कानाला मफ, गवताचा डेक उतरवून ठेवलेला. मुलाने बाजूला उभं राहायचं, फ्लायव्हीलच्या किंवा पट्ट्याच्या रेषेत नाही. किल्ली त्याने फिरवली तरी चालेल, गिअर न्यूट्रलला आहे हे तुम्ही हाताने तपासल्यावर. साठच्या दशकातल्या बहुतेक ट्रॅक्टरांत सीटखालचा सुरक्षा स्विच नसतो. माणूस उतरला तरी यंत्र चालतच राहतं. असा स्विच नंतर बसवणं हे दोन वायरींचं काम आहे आणि ‘ओरिजिनल’पणाच्या नावाखाली ते टाळू नये.

इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: बसून चालवायचं गवताचं यंत्र सोळा वर्षांखालच्या मुलाने चालवू नये, आणि मोठ्यांच्या मांडीवर बसूनही फिरू नये. मागे घेताना मूल चाकाखाली येण्याचे अपघात अशाच हौसेत होतात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला ट्रॅक्टर दुरुस्त करता येईल, पण चालवायला मिळणार नाही. हे ट्रॅक्टर घरी आणण्याआधीच त्याला सांगून टाका, नंतर सांगितलं तर भांडण ठरलेलं.

रंग शेवटी, आणि तोही इंजिन महिनाभर बिनतक्रार चालल्यावर. आधी रंगवलं की गळणारं पेट्रोल नव्या रंगावरून ओघळतं. हार्डनर घातलेल्या रंगांत आयसोसायनेट असतं. ते मारताना मूल गॅरेजच्या आसपासही नको आणि तुम्हालाही साधा मास्क पुरत नाही. घरच्या घरी करायचं तर डब्यातलं साधं इनॅमल, पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. चाकांच्या रिमा आणि हिच हे मुलाने ब्रशने रंगवायला उत्तम भाग. ब्रशचे ओघळ दिसतील, दिसू द्या. स्टिकर लावायचं काम त्याचंच: साबणाचं पाणी फवारून स्टिकर ठेवायचं, सरकवून जागेवर आणायचं, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जायचं.

थंडी पडली की टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकात चमचाभर तेल टाकून दोन फेरे फिरवा, आणि बॅटरी काढून घरात आणा. एक्झॉस्टच्या तोंडाला लोखंडी जाळीचा बोळा कोंबा, त्यावर चिठ्ठी बांधा. उंदरांना उन्हाळ्यात ओळख दिलेली असते, ते परत येतात.